मैहर बँडच्या तालमीला

मैहरचं नाव काढलं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं कान टवकारतात. एक देवीला जाणारी, दुसरी सतार-सरोदवाली. आमची आत्या दोन्हींत मोडते. लग्नाआधी ती बरीच वर्षं सतार शिकत होती. पुढे सतार माळ्यावर गेली, पण कान जागच्या जागी राहिले. गुडघे आणखी कुरकुरायच्या आत मैहरचा बँड समोर बसून ऐकायचाय, असं तिनं दिवाळीत जाहीर करून टाकलं. मी म्हटलं, एवढ्या लांब बँड ऐकायला? तर म्हणाली, "सतार काय गं, मुंबईत बसूनही ऐकायला मिळते. बँड तिथंच जाऊन ऐकावा लागतो." झालं. तिकिटं काढली.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैहर हे कटनी आणि सतना यांच्या मधलं, मध्य प्रदेशातलं जुनं छोटं संस्थान. तिथल्या महाराजा ब्रिजनाथ सिंहांनी सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांना दरबारात आणलं आणि स्वतः त्यांचा गंडा बांधला, म्हणजे शिष्यत्व घेतलं. अली अकबर, अन्नपूर्णादेवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी, पन्नालाल घोष हे सगळे याच खाँसाहेबांच्या हाताखालून गेले. गावात त्यांना आजही नुसतं 'बाबा' म्हणतात. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात गावातली कितीतरी मुलं पोरकी झाली. ती मुलं गोळा करून बाबांनी त्यांच्या हातात वाद्यं दिली आणि त्यांचा एक वाद्यवृंद उभा केला. तोच मैहर बँड. कागदोपत्री 'मैहर वाद्यवृंद', तोंडी बँडच. आपल्या रागदारीचा इतका जुना वाद्यवृंद अजून वाजतोय, हीच मुळात नवलाची गोष्ट. संस्थान गेलं, सरकार आलं, माणसांच्या पिढ्या बदलल्या, तरी तो चालू आहे.

रविवार

महानगरी एक्सप्रेस मध्यरात्री मुंबईहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैहरला पोचवते. भुसावळ, खंडवा, इटारसी झोपेत आणि पेंगण्यात गेली. जबलपूरनंतर डबा जागा झाला. कटनीला एक मोठं कुटुंब चढलं, मांडीवर केसाळ बाळ, देवीपाशी त्याचं जावळ काढायला निघालेलं. आजीबाईंनी आम्हाला पुऱ्या आणि भरल्या लाल मिरचीचं लोणचं दिलं आणि विचारलं, दर्शनाला का? आत्या म्हणाली, दर्शन तर आहेच, पण बँड ऐकायला. आजीबाई क्षणभर गप्प. मग मोठ्या आपुलकीनं, "अच्छा, किसकी शादी है?"

पुढे गावातही हे होत राहिलं. रिक्षावाल्याला 'बँड' म्हटलं की तो वरातीच्या बँडवाल्यांच्या गल्लीत न्यायला निघतो. 'बाबा का बैंड' म्हणा, लगेच कळतं.

मैहरला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. फेब्रुवारीत दुपार उबदार असते, पण सूर्य कलला की शाल लागते आणि पहाटे कानटोपीही. मुंबईकरांनी फेब्रुवारी म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात असं धरून जाऊ नये. स्टेशनजवळ राहिलात तर गाड्यांचे भोंगे रात्रभर सोबतीला असतात. शारदा मंदिराच्या वाटेवर बऱ्या धर्मशाळा आणि लॉज आहेत, तिकडे रहावं. चैत्र आणि आश्विन नवरात्रात मात्र हे गाव विसरा. तेव्हा इथं जत्रा असते, गर्दीत बँड सोडाच, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

सोमवार

पहिला मान देवीचा. शारदामाईचं देऊळ त्रिकूट टेकडीच्या माथ्यावर, १०६३ पायऱ्या. आत्यासाठी रोपवे, माझ्यासाठी पायऱ्या, असं ठरलं. मी वर पोचले तेव्हा ती दर्शन आटोपून कठड्याशी उन्हात बसली होती आणि शेजारच्या बाईंकडून आल्हाची गोष्ट ऐकत होती. आल्हा आणि ऊदल हे चंदेल राजा परमालचे दोन वीर, पृथ्वीराज चौहानाशी लढलेले. या भागात पावसाळ्यात त्यांचे पोवाडे गातात, त्याला आल्हाच म्हणतात. लोकांची श्रद्धा अशी की आल्हा अमर आहे आणि रोज पहाटे देवीची पहिली पूजा तोच करून जातो. पुजारी दार उघडतात तेव्हा ताजं फूल आधीच वाहिलेलं असतं. टेकडीच्या मागच्या अंगाला त्याचा तलाव आणि आखाडा दाखवतात.

बाबाही देवीचे निस्सीम भक्त. पाच वेळा नमाज पढणारा माणूस शारदेच्या पायऱ्या चढून जायचा, याचं इथं कुणालाच काही वाटत नाही. प्रसादाच्या दुकानात देवीच्या तसबिरींच्या शेजारी दाढीवाले बाबा सरोद घेऊन बसलेले दिसले. दुकानदाराला विचारलं, हा फोटो खपतो का? म्हणाला, विकायला नाही, तो आमचा आहे.

वरून चौफेर दिसतं. एका अंगाला शेतं, एका अंगाला सिमेंटच्या कारखान्यांची धुराडी. इथल्या जमिनीत चुनखडी भरपूर, म्हणून कारखाने. रोपवेला सकाळी लवकर गेलात तर रांग कमी, आणि सोमवार असूनही आम्हाला नऊनंतर ती वाढताना दिसली. पायऱ्यांनी जाणाऱ्यांनी मोजे जवळ ठेवावेत; सकाळी फरशी बर्फ होते.

दुपारी जेवायला इंद्रहर मिळालं. पाच डाळी भिजवून वाटायच्या, वाफवून वड्या पाडायच्या, तळायच्या आणि आंबट कढीत सोडायच्या. आपल्या पाटवडीची बघेलखंडातली चुलत बहीणच. हॉटेलात सहसा मिळत नाही. लॉजच्या मालकिणीनं आत्याच्या वयाकडे बघून घरातून आणून दिलं. बाहेर खायचं तर सकाळी पोहे-जिलबी आणि संध्याकाळी गाकर-भरता शोधा. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, सोबत वांगं-टोमॅटोचं जळजळीत भरीत.

मंगळवार

सकाळी मदिना भवन. बाबांनी पत्नीच्या नावानं बांधलेलं घर. तिच्यासाठी रागही केला होता, मदनमंजरी. आवारात दोघांच्या कबरी आहेत. बाबांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण मिळालं. पुढच्याच वर्षी, ६ सप्टेंबर १९७२ रोजी ते इथंच गेले. १९३८ साली रविशंकर इथं शिकायला आले तेव्हा पॅरिस-न्यूयॉर्कची हवा खाऊन आलेला अठरा वर्षांचा देखणा नर्तक मुलगा होता तो, आणि हे गाव म्हणजे विंचू, साप आणि रात्री मिट्ट काळोख. आत्या ओट्याच्या कडेला बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "चला, कबरी झाल्या. आता जिवंत माणसं बघू."

बँडची तालीम बघायची तर संगीत महाविद्यालयात चौकशी करावी. आदल्या दिवशी जाऊन, नाव सांगून, उद्या आलो तर चालेल का असं विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. कामाचे दिवस आणि कामाच्या वेळा पाळाव्यात, कारण वादक नोकरीवर असतात. आम्ही मुद्दाम अशा आठवड्यात गेलो होतो की गुरुवारी बाबांच्या नावाचा समारोह सुरू व्हायचा होता. हा समारोह दर वर्षी साधारण फेब्रुवारीत होतो, प्रवेश फुकट असतो आणि बँड त्यात वाजतोच. तारखा दर वर्षी हलतात, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी फोन करून खात्री करावी.

खोली साधी. जमिनीवर सतरंज्या, भिंतीवर बाबा, कोपऱ्यात खोळीतली वाद्यं. वादक एकेक करून आले, हीटरपाशी हात शेकले, चहा झाला, आणि मग समोर मांडलेलं वाद्य बघून आम्ही दोघी पुढे सरकलो. नलतरंग. त्याबद्दल इतकं वाचलं होतं की ते असं समोर, हाताच्या अंतरावर, जुन्या सतरंजीवर पडलेलं असेल असं वाटलं नव्हतं. बंदुकीच्या नळ्या. खऱ्याच. संस्थानच्या शस्त्रागारातल्या जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून बाबांनी हे वाद्य केलं. लाकडी चौकटीवर नळ्या आडव्या ओळीनं मांडलेल्या, डावीकडे लांब, उजवीकडे आखूड होत गेलेल्या. कापलेल्या कडा हाताला गुळगुळीत लागतात. दोन बारीक काठ्यांनी वाजवतात.

नलतरंगवाले पन्नाशीचे, बुटके, स्वेटरवर जाकीट. त्यांनी आत्याच्या हातात काठी दिली. "मारिये माताजी, टूटेगा नहीं." आत्यानं घाबरत एक टोला दिला. स्वर तीक्ष्ण, स्वच्छ आणि उमटेपर्यंत विरलाही. जलतरंगात पाण्यामुळे जी थरथर येते ती इथं नाही. लोखंड बोललं आणि गप्प झालं.

त्यांनी सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली. बाकी तारांचं नि कातड्याचं प्रत्येक वाद्य रोज लावावं लागतं. थंडीत तारा आखडून चढतात, दमट हवेत सरोदचं कातडं सैलावून स्वर उतरतो, तबल्याला हातोडी लागते. नळीचं तसं नाही. तिची लांबी एकदा कापून, कानसून ठरली की ठरली. जास्त घासली तर स्वर कायमचा चढतो, पुन्हा उतरवता येत नाही. त्यामुळे सगळा बँड स्वर लावतो तो नलतरंगाला धरून. मुंबईतली सिम्फनी ओबोच्या स्वराला मिळवून घेते, हे बंदुकीला. ते हे सांगत होते तेव्हा मागे व्हायोलिन, गजानं वाजवायचा इसराज, सरोद एकेका नळीच्या स्वरावर येऊन थांबत होते.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवाला सगळ्यांचा म्होरक्या असतो आणि समोर संचालक छडी घेऊन उभा राहतो. इथं कुणीच उभं राहिलं नाही. म्होरक्या कोण ते आम्हाला बराच वेळ कळेना. आत्यानं पैज लावली सरोदवर, मी व्हायोलिनवर. दोघीही हरलो. तो होता हार्मोनियमवाला. डाव्या कडेला, अर्धा खांबाआड, निवृत्तीला आलेला, शांत माणूस, सगळे 'गुरुजी' म्हणतात. भात्यावरचा हात न थांबवता तो फक्त भुवई उचलतो आणि इसराजवाला पुढे येतो. मान किंचित डावीकडे कलते आणि व्हायोलिन थांबतं. खमाज रागाच्या अंगाची एक धून चालली होती. मी गाणं ऐकायचं सोडून भुवया बघत बसले.

व्हायोलिन या बँडमध्ये आलं कुठून, तर तेही बाबांमुळेच. कोलकात्यात उमेदवारीच्या काळात ते नाटकाच्या वाद्यवृंदात वाजवायचे आणि लोबो नावाच्या एका गोवेकर बँडमास्तरांकडून त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकून घेतलं होतं. म्हणून इथं चेलोही आहे. चेलोवाला पोरगेलासा, खालचा षड्ज, म्हणजे सा, धरून बसलेला. आत्याला गोव्याचं नाव ऐकून उगाच आपलं माणूस भेटल्याचा आनंद झाला.

सितार-बँजो नावाचं आणखी एक जोडवाद्य आहे. धड बँजोचं, कातड्याचं. वर गळा सतारीचा. ते वाजवणाऱ्यांचं म्हणणं, माइक नव्हते त्या काळी मोकळ्या मैदानात सतार शेवटच्या माणसापर्यंत पोचायची नाही, हे पोचतं. आवाज कोरडा आणि ठणठणीत. आत्याला मुळीच आवडला नाही. त्यांना तसं तोंडावर सांगून मोकळी झाली. ते हसले. "हमें भी दस साल लगे, माताजी."

बुधवार

या दिवसासाठीच आलो होतो, हे नंतर कळलं.

समारोहासाठीची एक चीज बसत नव्हती. शेवटची तिहाई आली की मध्ये गडबड व्हायची आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे बिनचूक भेटायचे. गुरुजी थांबवायचे, पुन्हा. पुन्हा तेच. तबलजी नलतरंगाकडे बघायचा, नलतरंगवाले सरोदकडे.

दाराशी खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते. मफलर, काठी, पंचाहत्तरीच्या पुढचे. बँडमधून कधीच निवृत्त झालेले, पण थंडी बरी असली की तालमीला येऊन बसणारे. बाबांना त्यांनी लहानपणी पाहिलेलं, एकदा हातावर छडीही खाल्लेली. त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली आणि तोंडानं बोल म्हणून दाखवले. मग भानगड उलगडली.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर. इथला तुकडा असा की चार मात्रांचे बोल आणि पाचव्या मात्रेवर शेवटचा ठोका. ताल तीनताल, सोळा मात्रांचा. आजोबांच्या हिशेबानं तिहाई दुसऱ्या मात्रेवर उचलायची आणि दोन तुकड्यांच्या मध्ये दर वेळी अर्धी मात्रा दम घ्यायचा. बँडमधली निम्मी मंडळी ती तिसऱ्या मात्रेवर उचलत होती आणि दम न घेता सरळ येत होती. दोन अर्ध्या मिळून एक मात्रा, म्हणजे हिशेब दोन्हीकडून चोख. दोन्ही वाटा समेलाच मिळतात. म्हणून कित्येक वर्षं ऐकणाऱ्याला काही जाणवलं नसणार. मधला गोंधळ लोकांनी जोश समजून घेतला असणार!

व्हायोलिनवाल्या तरुणानं फोन काढला. त्याच्याकडे जुन्या ध्वनिमुद्रणाची कुठून तरी आलेली कॉपी होती. लावली. खरखर फार, पण तिहाई ऐकू आली. बिनदमाची. तिसऱ्या मात्रेवरून, सरळ. खोलीत शांतता. आजोबांनी फोनकडे असं पाहिलं की तो त्यांचा नालायक नातू असावा. म्हणाले, हे मुद्रण होतं तेव्हा नळीवाला आजारी होता, दुसराच कुणी बसला होता.

आता खरं-खोटं कोण करणार? कागद नाही. ती पहिली मुलं निरक्षर होती, बाबांनी त्यांना सगळं तोंडानं गाऊन आणि हात धरून शिकवलं. पुढच्यांनी आपापल्या वहीत स्वरलेखन केलं आहे, देवनागरीत, पण प्रत्येकाच्या वहीत प्रत्येकाचा बँड आहे. नलतरंगवाल्यांनी आपली वही आणली, पिवळ्या कागदावर निळी शाई, त्यात या तिहाईच्या जागी फक्त 'ति.' एवढंच लिहिलेलं. सगळे हसले, आजोबाही.

मग आजोबा जे बोलले ते मी तिथल्या तिथं लिहून घेतलं. तार झंकारत राहते, तिला दम दिला तरी ती गप्प बसत नाही. नळी लगेच गप्प होते. ती अर्धी मात्रा नळीसाठी आहे. सगळ्यांनी तारेवर हात ठेवून आवाज मारायचा, तबल्यानं थांबायचं, म्हणजे त्या अर्ध्या मात्रेत खरोखर काही नसतं.

निर्णय गुरुजींचा. त्यांनी वाद घातला नाही, मत मागितलं नाही. भात्यावर हात ठेवला आणि म्हणाले, यंदा आजोबांसारखं वाजवू. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आणि दुसरी मात्रा बोटानं जमिनीवर दाखवली.

मला या बँडमधला 'प्रमुख वादक' कोण ते तेव्हा कळलं असं वाटतं. बोटं सगळ्यात वेगात चालणारा तो नव्हे. ते मान मिळवतात, टाळ्याही मिळवतात. चार जणांना चार तऱ्हा आठवत असताना एक तऱ्हा धरून सगळ्यांना तिथं आणणारा तो. आणि त्याला हुकूमशाहीचा वासही नको. आजोबांची आठवण आणि तरुणाचा फोन यांच्यात गुरुजींनी कुणाला खोटं ठरवलं नाही. आत्या म्हणाली, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला यांना घेऊन जायला हवं.

पुढचा तास नुसता दम घेण्याचा सराव. तारेवर हात मारून आवाज बंद करणं सगळ्यात अवघड गेलं सरोदला, कारण तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा कुणाचं ऐकत नाहीत. शेवटी सरोदवाल्यांनी तिहाईच्या आधीच्या आवर्तनात जोरच कमी केला. हा उपाय त्यांचा त्यांनी काढला. संपल्यावर चहा आणि मंगौड्या आल्या, मूगडाळीच्या, आल्या-मिरचीच्या. आजोबांनी आत्याला विचारलं, सतार का सोडली? आत्यानं घर, मुलं वगैरे नेहमीचं सांगितलं. त्यांनी तिच्या डाव्या हाताची बोटं बघायला मागितली, बघितली, आणि काहीच बोलले नाहीत. आत्या रात्री जेवताना मला म्हणाली, "मेला म्हातारा. घट्टे शोधत होता."

गुरुवार

सकाळ मोकळी होती म्हणून गोलामठ पाहिला. कलचुरी काळातलं शिवमंदिर, गावातच आहे, छोटं पण घाटदार, आणि गर्दी नाही. टेकडीवरच्या देवळाला हजारो माणसं जातात आणि इथं आम्ही दोघी, एक पुजारी आणि एक शेळी. मैहरला जाणाऱ्यांनी अर्धा तास तरी इथं घालवावा.

संध्याकाळी समारोह. मोकळा मंडप, त्यामुळे अंगावर असेल नसेल ते घालून जावं. आम्ही लॉजची रजईच घेऊन गेलो आणि आमच्यासारखे बरेच होते. पुढच्या रांगा पाहुण्यांच्या, त्यामागे गाव. भाषणं लांबली. भाषणांविषयी यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

मग बँड. कडक इस्त्रीचे कुडते, तालमीतली जाकिटं-मफलर गायब, थंडीनं काकडत असणार. गुरुजी इथंही डाव्या कडेलाच. नलतरंग मात्र मंचाच्या मधोमध, दिव्याखाली, आणि नळ्या अशा चमकत होत्या की मागून एका मुलानं बापाला विचारलं, यातून गोळी सुटते का? पहिली चीज सरळ गेली. दुसरीत व्हायोलिनच्या तरुणानं एक हरकत घेतली ती तालमीत नव्हती. गुरुजींची भुवई हलली. रागानं की कौतुकानं, लांबून कळलं नाही.

ती तिहाई आली तेव्हा आत्यानं माझं मनगट धरलं. दुसरी मात्रा, उचललं. पहिला तुकडा, आणि थांबले. सगळे. चौदा-पंधरा माणसं एकदम. अर्धी मात्रा म्हणजे किती, पापणी लवेपर्यंत. पण मंडपातली कुजबुज त्यात उघडी पडली, कुणाचा तरी खोकला ऐकू आला. पुन्हा तुकडा, पुन्हा थांबले. सरोदची एक तार किंचित गुणगुणत राहिली, तेवढंच. तिसरा आणि सम. लोक ओरडले. आदल्या वर्षीच्या गोंधळातल्या तिहाईलाही ओरडले असतील, पण आत्याचा ठाम दावा आहे की तसे नव्हे.

त्यानंतर मोठे कलाकार बसले, वाजवलंही छान, पण आम्ही रजईत पेंगत होतो.

उतरून मागे गेलो तर बँडवाले वाद्यं खोळीत घालत होते. आजोबा आले नव्हते, थंडी बाधते. नलतरंगवाले नळ्या एकेक पुसून फडक्यात गुंडाळत होते, क्रमानं, लांब ती आधी. मी विचारलं, तुमच्यानंतर कोण? त्यांनी चेलोवाल्या पोराकडे बोट केलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो काठ्या घेऊन बसतो म्हणे, अजून कुणाला सांगितलेलं नाही. पोरगा लाजला आणि चेलो उचलून चालता झाला.

शुक्रवार

परतीची गाडी सतन्याहून होती. मैहरपासून तासाभराचा रस्ता. पुण्याकडच्या लोकांना हेच सोयीचं, दानापूरच्या गाड्या सतन्याला थांबतात. धुक्यामुळे गाडी चांगलीच उशिरा आली. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडून येणाऱ्या गाडीचं हे धरूनच चालावं आणि पुढची जोडगाडी त्याच दिवशीची काढू नये.

तो वेळ खुरचनीत सत्कारणी लावला. दुधाच्या सायीचे पापुद्रे कढईच्या कडेनं खरवडून, साखर भुरभुरून, एकावर एक रचतात. खरी खुरचन सतना-रीवा रस्त्यावरच्या रामपूर बघेलानची, पण सतन्यातही चांगली मिळते. बांधून घेताना आजचीच आहे ना, ते विचारावं. आत्यानं घरच्यांसाठी म्हणून एक डबा वेगळा घेतला होता. खंडवा यायच्या आत तोही उघडला.